तुला न विचारता तुझा नंबर दिलाय

ग्योटिंगेन,
१५ नोव्हेंबर

प्रिय मिल्या,

शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. गणपतीत तुझा फोन आला तेव्हा 'मीटिंगमध्ये आहे, करतो' असा मेसेज टाकला आणि बघता बघता अर्धा नोव्हेंबर सरला. मीटिंगबिटिंग काही नव्हती, भांडी घासत होतो. उचलला असता तर तू पहिलाच प्रश्न 'मग, पुढचं काय?' असा विचारला असतास, म्हणून नाही उचलला. बाकी आम्ही सगळे ठीक. माझं बी-ट्वेल्व्ह कमी आलंय, हिची पाठ अधूनमधून धरते, कन्या बालवाडीतून दर पंधरवड्याला नवी सर्दी घेऊन येते. झालं.

आता मुद्द्याचं. गेल्या शनिवारी मी चाळीस पोरांसमोर तुझी बदनामी केली. नाव घेतलं नाही, पण म्हणून ती कमी होत नाही.

आपल्या डिपार्टमेंटच्या पोरांनी ऑनलाइन कार्यक्रम ठेवला होता, 'पीएचडीनंतर काय?' माझं नाव बाईंनी सुचवलं. बाईंनी! ज्यांनी माझ्या थीसिसच्या तिसऱ्या चॅप्टरवर नुसतं 'का?' एवढंच लिहून तो परत पाठवला होता, त्या बाईंनी. मी असा काही फुगलो की आदल्या रात्री जागून बावीस स्लाइडी केल्या. ओळखी वाढवा, स्वतःचा वेगळा विषय उभा करा, नकार पचवायला शिका. आणि शेवटी अर्थातच कोविडच्या एमआरएनए लशीमागच्या कारिको बाई: १९९५ साली विद्यापीठानं खालच्या पदावर ढकललं, २०२३ साली नोबेल. ही स्लाइड लावली की पोरांचे चेहरे उजळतात म्हणे. मला फक्त काळे चौकोन दिसत होते.

त्यातला एक चौकोन बोलला. मुलगी होती, थीसिस नुकताच सबमिट केलेली. 'सर, ज्यांना नाही जमत त्यांचं पुढे काय होतं?'

आणि मिल्या, मी म्हणालो, 'माझा एक जवळचा मित्र होता. माझ्यापेक्षा हुशार. पण त्याचा धीर सुटला. दोन वर्षांत परत आला. थोडा थांबला असता तर आज कुठल्या कुठे असता.'

'होता' म्हणालो. धडधाकट माणसाबद्दल. आणि कुठल्या कुठे म्हणजे कुठे? माझ्या शेजारच्या टेबलावर, मार्चपर्यंत.

मार्चचं तुला माहीत नाही. सांगितलं नाही, कारण तू हसशील. इथे जर्मनीत २००७ पासून एक कायदा आहे. नाव सांगत नाही, एका दमात होत नाही. पीएचडीनंतर विद्यापीठानं माणसाला मुदतीच्या करारावर जास्तीत जास्त सहा वर्षं ठेवायचं, मेडिकलवाल्यांना नऊ. त्यानंतर कायम करा, नाहीतर नारळ द्या. कायदा म्हणे आमच्याच भल्यासाठी आहे, आम्ही जन्मभर लटकत राहू नये म्हणून. पण कायम करायला जागाच नसतात, तेव्हा काय देतात ते तू ओळखलंस. मूल झालं तर त्याच्यापोटी दोन वर्षं वाढवून मिळू शकतात. मी आलो जानेवारी २०२० ला (दोन महिन्यांत अख्खं जग बंद, माझा पायगुणच तसला), कन्या २०२१ ची. एचआरच्या बाईंनी माझ्यासमोर कॅल्क्युलेटर काढून हिशेब केला: २०२७ संपेपर्यंत मी चालतो. ही म्हणाली, पोरीनं जन्मल्याबरोबर बापाला दोन वर्षं कमावून दिली, बापानं तिला काय दिलं? बापाचा पगार ज्यातून येतो ती ग्रँट ३१ मार्चला संपतेय. म्हणजे कायद्यानं दोन वर्षं शिल्लक, पैशानं साडेचार महिने.

हा कायदा समजावून सांगायला इथल्या मंत्रालयानं एक कार्टून फिल्म केली होती. तीत हाना नावाची एक बायॉलॉजिस्ट. मुदत घातली नाही तर एकच पिढी सगळ्या जागा अडवून बसेल आणि व्यवस्था तुंबेल, असं त्यात म्हटलं होतं. तुंबेल! मी पदरचं घालत नाहीये, जर्मन शब्दाचा अर्थच तो आहे. २०२१ च्या जूनमध्ये हजारो लोक 'मीच ती हाना' म्हणत ट्विटरवर उतरले. फिल्म काढून टाकली. कायदा आहे तिथेच आहे. आपल्या होस्टेलची दुसऱ्या मजल्यावरची मोरी आठवते ना? तिच्या जाळीत अडकलेले केस म्हणजे मी.

त्यात गंमत बघ, राहायचा परवाना मला कायमचा आहे. जर्मन भाषेची बी-वनची परीक्षा दिली म्हणून ब्लू कार्डावर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा परवाना) एकवीस महिन्यांत मिळाला. देश म्हणतो खुशाल राहा, विद्यापीठ म्हणतं मार्चमध्ये निघ.

'मग परत ये की' असं म्हणू नकोस, ते करून पाहिलंय. परतणाऱ्यांसाठीच्या फेलोशिपांना वयाची अट असते: इन्स्पायरची बत्तिशी केव्हाच पडली, आता रामानुजनची चाळिशी लागायला आलीय. जाहिरातींत 'शक्यतो पस्तिशीच्या आत' असतं आणि त्या 'शक्यतो'च्या भरवशावर मी तीन वर्षं अर्ज करतोय. अकरा अर्ज, एक इंटरव्ह्यू. एका ठिकाणाहून पंधरा महिन्यांनी उत्तर आलं. कन्या नाचायला लागली, बाबांना पत्र आलं म्हणून. आत लिहिलं होतं, जाहिरात रद्द करण्यात आली आहे. मेव्हण्यानं गावाकडच्या कॉलेजातही विचारून पाहिलं. तासिका तत्त्वावर आहे म्हणाले, पोस्टडॉकचा, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाचा, अनुभव असेल तर उत्तमच. दर तासाला पैसे, तेही बिल निघेल तेव्हा.

आणि असा मी, तुझा धीर सुटला म्हणून सांगतो.

ते वाक्य माझ्या तोंडात आयतं होतं, मिल्या. आठ दिवस हेच खातंय मला. ते मला शोधावं लागलं नाही. २०१९ पासून तिथेच पडून असणार. टपरीवर मी तुला पळपुटा म्हणालो तो दिवस तू विसरला नसशीलच. मीही नाही. तू ग्लास ठेवलास, दोन्ही चहांचे पैसे दिलेस आणि स्कूटर काढलीस. काकांना दुसरा झटका येऊन महिना झाला होता आणि मला ते माहीत होतं. तरी म्हणालो. का, तर तू गेलास की उरलेल्यांत मी एकटा मूर्ख दिसणार होतो. (आपल्या दोघांच्या त्या पेपरवर माझं नाव आधी यायला हवं होतं, हे मत मात्र मी बदललेलं नाही. दोन नावांवर तारा टाकून खाली 'समान वाटा' लिहिलंय म्हणतोस. खालची ओळ आजवर कुणी वाचलीय?)

सोमवारी रात्री मायक्रोस्कोपवर होतो. दोन दिवसांचं झीब्राफिशचं पिल्लू, ॲगरोजच्या जेलीत आडवं रोवलेलं. खोलीत मिट्ट काळोख, आणि स्क्रीनवर त्याचं एवढंसं हिरवं हृदय सेकंदाला दोनदा उडतंय. ते बघताना तुझी आठवण यावीच, तो पहिला हिरवा सेल आपण दोघांनी एकत्रच पाहिला होता आणि तू आनंदानं माझ्या पाठीत गुद्दा घातला होतास. पण त्या रात्री आठवला तो डग्लस प्रॅशर. आपले सेल ज्याच्यामुळे हिरवे चमकतात ते जेलीफिशमधलं जनुक वेगळं काढलं यानं, पेपर १९९२ चा. पुढे पैसा मिळाला नाही, तेव्हा चाल्फी आणि चेन या दोन शास्त्रज्ञांनी मागितलं तसं त्यानं ते जनुक त्यांना पाठवून दिलं. २००८ साली त्या दोघांना शिमोमुरांबरोबर नोबेल जाहीर झालं, तेव्हा प्रॅशर अलाबामात एका मोटारींच्या शोरूमची गिऱ्हाइकं ने-आण करणारी व्हॅन चालवत होता. चाल्फी-चेननी स्वतःच्या खर्चानं त्याला नि त्याच्या बायकोला स्टॉकहोमला नेलं, हा त्यांचा मोठेपणा. पण बघ, ज्याचा रंग मी रोज वापरतो त्या माणसाला माझ्या बावीस स्लाइडींत जागा नव्हती. कारिको बाई होत्या.

त्या मुलीचा दुसऱ्याच दिवशी मेल आला. दोन ठिकाणी बोलणं झालंय तिचं. एक पुण्यातच, आरए (रिसर्च असोसिएट) म्हणून, अठ्ठावन्न हजार आणि घरभाडं, दरवर्षी प्रोजेक्ट वाढला तर वाढणार. (आठवतं, २०१४ मध्ये आपल्या फेलोशिपचे सोळाचे पंचवीस हजार झाले तेव्हा तू मेसमध्ये सगळ्यांना श्रीखंड घातलं होतंस, आणि वाढीव पैसे हातात यायला किती महिने लागले!) दुसरं इथेच, जर्मनीत, एक वर्षाचा करार. सगळं लिहून शेवटी एकच ओळ: 'सर, येऊ का?'

सहा दिवस झाले. चार उत्तरं लिहून पुसली. पहिलं 'जरूर ये', दोन ओळींचं. दुसरं तीन पानांचं, ते वाचून ती शेतीच करायला गेली असती. तिसऱ्यात म्हटलं, बाई, आधी विचार पगार कुणाच्या ग्रँटमधून आणि ती संपते कधी. 'वाढेल, वाढेल' म्हणतील, तारीख लिहून माग. त्या लॅबमधले मागचे पाच पोस्टडॉक आज कुठे आहेत ते शोध. वेबसाइटवर फक्त प्रोफेसर झालेला एक असतो, उरलेल्या चौघांना तूच मेल कर. आणि जाताना या प्रोजेक्टातलं काय माझं म्हणून नेता येईल, हे पहिल्या आठवड्यात विचार. सहाव्या वर्षी विचारलं की बॉस खिडकीबाहेर बघतो. माझा बघत राहिला, चांगला मिनिटभर, आणि मग म्हणाला, आज धुकं आहे.

हे सगळं बरंच होतं. पण चौथ्यात मी लिहायला गेलो, 'थांबायची तारीख निघण्याआधीच ठरव आणि घरात कुणाला तरी सांगून ठेव', आणि तिथे हात अडला. कारण ही अक्कल माझी नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या विमानतळावर ट्रॉली ढकलत तू म्हणाला होतास, 'दोन वर्षं. तेवढ्यात मार्ग दिसला तर ठीक, नाहीतर मी घरी.' काका शेजारी उभे होते. मला वाटलं, त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणतोय. दोन वर्षांनी तू घरी आलास. धीर कुठे सुटला होता तुझा? तू दिलेल्या तारखेला आलास, एवढंच. तारीख माझ्याकडे नव्हती. मला ती दरवेळी एचआरच्या बाईंनी दिली.

आज सकाळी भाजीला गेलो होतो. इथे चौकात कारंज्यावर हंसवाल्या पोरीचा पुतळा आहे. नवा डॉक्टर झाला की त्यानं वर चढून तिची पापी घ्यायची, अशी रीत. आजही एकाला मित्रांनी सजवलेल्या हातगाडीत बसवून ओढत आणलं होतं. डोक्यावर पुठ्ठ्याची टोपी, टोपीवर चिकटवलेल्या टेस्ट ट्यूबा, मागे आई हातात फुलं घेऊन. तो चढला, घसरला, पुन्हा चढला. कन्या म्हणाली, बाबा, तू कधी घेणार पापी? म्हटलं, माझं झालं गं, पुण्यात. 'तिथे कुणाची घेतलीस?' झेरॉक्सवाल्याची, म्हटलं. थीसिसच्या पाच कॉप्या रात्री अकरा वाजता बांधून दिल्या होत्या त्यानं. ही हसली, आणि मग बराच वेळ कुणीच काही बोललं नाही.

घरी येऊन त्या मुलीला लिहिलं. तीनच वाक्यं. त्या दिवशी ज्या मित्राबद्दल बोललो ते खोटं होतं. तो ठरवून परतला. हा त्याचा नंबर.

तुला न विचारता दिला, माहीत आहे. मंगळवारी संध्याकाळी सातनंतर करेल ती. तुझ्या मार्केटिंगवाल्या आवाजात 'येस, टेल मी' करू नकोस, घाबरेल. पहिले सहा महिने घरात बसून कसे काढलेस, मेडिकल रायटिंगची पहिली नोकरी कशी मिळाली, लॅबची आठवण येते का, आली तर काय करतोस, सगळं सांग. मला हे कधीच सांगितलं नाहीस. मी विचारलंही नाही म्हणा. टपरीचंही सांगितलंस तरी चालेल.

काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं की अजून 'दिवाळीनंतर' चाललंय? झाली आता दिवाळी. बाणेरच्या फ्लॅटचा ताबा मिळाला का? चिरंजीव मासे पाळतोय असं वहिनींच्या स्टेटसवर दिसलं. झीब्राफिश सोडून काहीही पाळ म्हणावं. वहिनींना नमस्कार.

सोबत एक फाइल जोडलीय. सीव्ही आहे. चौदा पानांचा होता, तुमच्याकडे दोन पानांच्या वर कुणी बघत नाही असं तू एकदा म्हणाला होतास, म्हणून दोन पानांत बसवलाय. पेपर सगळे उडवले, एकच ठेवला. नावांचा क्रम आहे तसाच आहे.

तुझा,
पक्या