ग्रुप पॉलिसीच्या एररवर पॉलिसी काढून टाकणे हा उपाय नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांगली-मिरज परिसरातील पतसंस्था, साखर कारखान्यांची कार्यालये आणि मार्केट यार्डातील पेढ्या यांच्या संगणकांची देखभाल हा माझा व्यवसाय आहे. विंडोज १० च्या सर्वसाधारण सपोर्टची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे अनेक कार्यालयांत विंडोज ११ ची यंत्रे आली आणि त्यांच्यासाठी सर्व्हरवर ग्रुप पॉलिसीची नवी टेम्प्लेट चढवली जाऊ लागली. या कामात येणाऱ्या एररवर सध्या जे उपाय केले जात आहेत, त्यांतले काही धोक्याचे आहेत, म्हणून हे पत्र.

काउंटरवरच्या संगणकाला पेन ड्राइव्ह चालू नये, कर्मचारी जागेवरून उठल्यास थोड्या वेळात स्क्रीन लॉक व्हावी, असे नियम ग्रुप पॉलिसीतून एकाच ठिकाणाहून सर्व यंत्रांना लागू होतात. जिल्ह्यातील एका पतसंस्थेत पॉलिसी उघडताना टेम्प्लेटची एरर येऊ लागली, तेव्हा देखभाल करणाऱ्याने ती पॉलिसीच काढून टाकली. एरर गेली, पण त्याबरोबर पेन ड्राइव्हवरची बंदीही गेली आणि ही गोष्ट संचालकांच्या ध्यानात फार उशिरा आली. ठेवीदारांची माहिती ज्या यंत्रांवर आहे, तेथे असे होणे अक्षम्य आहे.

मुळात टेम्प्लेट म्हणजे पॉलिसी नव्हे. टेम्प्लेटची एडीएमएक्स फाइल पॉलिसीच्या एडिटरला फक्त एवढेच सांगते की कोणती सेटिंग्ज दाखवायची आणि ती रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, कोठे लिहायची. आपण केलेली निवड त्या पॉलिसीच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये, रजिस्ट्री.पोल या फाइलीत साठलेली असते. कोऱ्या फॉर्मची छपाई चुकली म्हणून खतावणीतल्या नोंदी पुसल्या जात नाहीत, तसेच हे आहे. एडिटरमध्ये एरर दिसत असतानाही यंत्रांवर नियम लागू होतच असतात, त्यामुळे घाबरून काही पुसण्याचे कारण नाही.

एररची खिडकी ‘ओके’ दाबून बंद करण्याआधी पूर्ण वाचावी, कारण फाइलीचा पूर्ण पत्ता, ओळ आणि स्तंभ तिच्यातच दिलेला असतो. पत्त्यात सिसव्हॉल (सर्व्हरवरचे सामाईक फोल्डर) हे नाव असेल तर दोष डोमेनच्या सेंट्रल स्टोअरमध्ये, म्हणजे संस्थेच्या सर्व यंत्रांसाठी सर्व्हरवर एकत्र ठेवलेल्या टेम्प्लेटच्या फोल्डरमध्ये आहे. सेंट्रल स्टोअर अस्तित्वात असले की एडिटर आपल्या यंत्रावरचे, सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमधले पॉलिसीडेफिनिशन्स हे टेम्प्लेटचे फोल्डर पाहतच नाही. तेथे कितीही दुरुस्त्या केल्या तरी एरर का जात नाही, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा हेच असते.

‘नेमस्पेस (टेम्प्लेटची आतली ओळख) आधीच दुसऱ्या फाइलीत ठरलेली आहे’ अशा अर्थाची एरर आल्यास एकाच टेम्प्लेटच्या दोन फाइली शेजारी राहिल्या आहेत असे समजावे. विंडोज १० च्या पहिल्या आवृत्तीतील मायक्रोसॉफ्ट-विंडोज-जिओलोकेशन-डब्ल्यूएलपीएडीएम ही फाइल पुढे लोकेशनप्रोव्हायडरएडीएम या नावाने येऊ लागली. नव्या फाइली जुन्यांवर ओतल्या की दोन्ही राहतात. तेथे जुन्या नावाची एडीएमएक्स आणि भाषेच्या फोल्डरमधली तिची एडीएमएल (सेटिंग्जचा मजकूर असलेली जोडफाइल), एवढ्या दोनच फाइली काढायच्या असतात. ‘रिसोर्स सापडत नाही’ अशी एरर असेल तर एडीएमएक्स एका आवृत्तीची आणि एडीएमएल दुसऱ्या आवृत्तीची, असा बेमेळ झालेला असतो; दोन्ही एकाच संचातून पुन्हा घ्याव्यात.

टेम्प्लेट बदलताना चालू फोल्डरमध्ये ढवळाढवळ करू नये. शेजारी नवे फोल्डर करून त्यात एकाच आवृत्तीचा पूर्ण संच ठेवावा आणि क्रोम, ऑफिस यांची वेगळी मिळणारी टेम्प्लेटही आठवणीने घालावीत. क्रोमच्या फाइलीला गूगलची मूळ फाइल सोबत लागते, हेही अनेकांच्या नजरेतून सुटते. मगच जुन्याचे नाव बदलून नव्याला पॉलिसीडेफिनिशन्स हे नाव द्यावे. यानंतर पॉलिसीच्या अहवालात ‘एक्स्ट्रा रजिस्ट्री सेटिंग्ज’ असे शीर्षक दिसले, तर एखादे टेम्प्लेट राहून गेले आहे. ती सेटिंग्ज नकोशी समजून पुसू नयेत.

संस्थांच्या व्यवस्थापनाला माझी कळकळीची विनंती आहे, की देखभालीच्या वार्षिक करारात दोन अटी लेखी घालाव्यात: पॉलिसीला हात लावण्याआधी पॉलिसींचा आणि टेम्प्लेट फोल्डरचा बॅकअप घेणे, आणि काम झाल्यावर काउंटरच्या एका यंत्रावर जीपीरिझल्टचा (यंत्राला कोणत्या पॉलिसी लागू झाल्या हे दाखवणाऱ्या विंडोजच्या आज्ञेचा) अहवाल काढून तो व्यवस्थापकाच्या सहीने दप्तरी लावणे. अहवाल काढायला काही मिनिटे पुरतात आणि त्यासाठी वेगळा खर्च येत नाही.

आपला,
एक संगणक देखभाल व्यावसायिक,
सांगली