पवनचक्क्यांखालच्या वाडीतून ऊर्जामंत्र्यांना पत्र

मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

पाटण तालुक्यात वनकुसवडे पठाराच्या खालच्या अंगाला आमची वाडी आहे. तिथे माझी पिठाची गिरणी आहे. गेल्या जुलैत तारांवर झाड पडून पोल मोडला आणि सलग नऊ दिवस गिरणीला लागणारी थ्री फेज वीज आली नाही. बायका नाचणीचे डबे ठेवून गेल्या. चार दिवस वाट पाहून परत न्यायला आल्या, तेव्हा एका मावशींच्या डब्यातल्या नाचणीला बुरशी धरली होती. त्यांनी ती मुकाट्याने कोंबड्यांपुढे टाकली. रात्री धुकं विरलं की वर पठारावर पवनचक्क्यांचे लाल दिवे दिसायचे.

साहेब, जून ते सप्टेंबर हे आमच्याकडे वाऱ्याचे महिने. पवनचक्क्या वर्षातली सगळ्यात जास्त वीज याच दिवसांत देतात, आणि याच दिवसांत तोच वारा आमच्या उघड्या तारांवर झाडं पाडतो. पठारावरची वीज थेट गिरणीत उतरत नाही, ती ग्रीडमध्ये जाते, एवढं मला कळतं. पण ग्रीडपासून वाडीपर्यंतची लाईन सांभाळणं तर आपल्या खात्याच्या हातात आहे.

हे फक्त आमच्याच वाट्याला आलेलं नाही. आफ्रिकेत कांगो (डेमोक्रॅटिक रिपब्लिक ऑफ कांगो) या देशात कांगो नदीवर इंगा धबधबे आहेत. तिथे चाळीस हजार मेगावॅट वीज निघू शकते असा अंदाज आहे. १९७२ आणि १९८२ साली तिथे दोन वीजघरं झाली. मग सुमारे १,७०० किलोमीटरची लाईन टाकली, ती तांब्याच्या खाणींसाठी. वाटेतल्या गावांच्या डोक्यावरून ती तशीच पुढे गेली. त्या देशात आजही पाचांतल्या जवळपास चार माणसांच्या घरी लाईट नाही. केनियाकडे एवढी मोठी नदी नाही. त्यांनी जमिनीखालची वाफ वापरली, आणि २०१५ पासून डीपीच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या, सहाशे मीटरच्या आतल्या घरांना कमी पैशांत जोडण्या द्यायला घेतल्या. मला हा सहाशे मीटरचा हिशेब फार मोलाचा वाटतो. कोणीतरी डीपीपाशी उभं राहून घरं मोजली असणार.

आमच्या तालुक्याने काही कमी दिलेलं नाही. कोयनेचा १,९६० मेगावॅटचा प्रकल्प इथल्याच धरणाच्या पाण्यावर चालतो. माझ्या आईचं माहेर त्या पाण्याखाली गेलं.

म्हणून मागणं एवढंच, की पठाराखालच्या वाड्यांच्या उघड्या तारा काढून तिथे इन्सुलेटेड केबल टाकावी. जादा डीपी आणि पोल पावसाआधीच वर आणून ठेवावेत. दर वाडीत इथल्याच एका पोराला वायरमनच्या हाताखाली तयार करावं.

काम मे महिन्यातच व्हायला हवं. पाऊस लागला की आमच्या घाटात पोल घेऊन ट्रॅक्टर चढत नाही.

आपला नम्र,
एक गिरणीवाला, ता. पाटण, जि. सातारा