आडातला हंसराज

अथणी,
शिमग्याचा आठवडा

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

आई, काल फोनवर तू म्हणालीस, गवंडी येऊन आड बघून गेला आणि आतून सगळा सिमेंटनं लिंपून घ्यायचा विचार चाललाय. तेव्हा मी गप्प बसले, पण मनातून ते गेलं नाही. फोनवर आवाज तुटतो आणि बाबांना अर्धं ऐकू येत नाही, म्हणून लिहूनच कळवते.

आड पक्का व्हायलाच हवा. वरचे चिरे हलतात, तिथं उभं राहून तू पाणी ओढतेस, त्यात हयगय नको. पण खाली दक्षिणेकडच्या भिंतीवर, जिथं ऊन पोचत नाही, तिथला हंसराजाचा, त्या नाजूक नेच्याचा (फर्नचा) पट्टा राखून ठेवा. एवढंच मागणं आहे.

बाबा, तुम्ही म्हणाल, हंसराज काय, गडग्यावर हवा तेवढा उगवतो. तो निराळा. त्याची पानं अर्धगोल, तो मिरगाच्या पावसाबरोबर वर येतो आणि पाऊस सरला की वाळतो. जमिनीतलं त्याचं खोड तेवढं पुढच्या मिरगापर्यंत तग धरतं. आडातला बारा महिने हिरवा असतो. त्याला चुना मानवतो. आजोबांनी चिरे चुन्यात बसवले, त्या दर्जांतून, म्हणजे चिऱ्यांमधल्या सांध्यांतून, पाणी झिरपत राहतं, म्हणून तो तिथं एवढा फोफावलाय. दर्जा सिमेंटनं बुजल्या की झिरपा बंद, आणि मग तो परत येणार नाही.

तो किती नाजूक आहे हे इथं अथणीत नीट कळतं. तिकडे जांबोटी-कणकुंबीच्या अंगाला हवेतच ओल असते. इथं काळं रान आणि कोरडा वारा. तुमच्याकडून आणलेला तुकडा मी कुंडीत जगवलाय, पण रोज लक्ष द्यावं लागतं. देठ काळा, चकचकीत, केसाएवढा बारीक. पान इतकं पातळ की उजेडात धरलं तर एकेक शीर दिसते. पाणी धरून ठेवायला त्यात जागाच नाही. वरून शिंपडलं तर थेंब घरंगळून जातात. प्यायचं ते मुळांनीच. एक दुपार माती कोरडी राहिली की कडा कुरकुरीत होतात आणि मग कितीही पाणी घाला, ते पान पुन्हा उघडत नाही. लोक अशा वेळी मेला म्हणून कुंडी उलटी करतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. वाळलेले देठ मातीलगत कापायचे, माती नुसती ओलसर ठेवायची. काही आठवड्यांत तळातून गुंडाळलेले कोंब वर येतात. चिखल मात्र करायचा नाही, मुळं कुजतात.

माझी प्लास्टिकची कुंडी एका मोठ्या मातीच्या कुंडीत बसवलीय. मधल्या फटीत वाळू भरलीय आणि ती ओली ठेवते. पूर्वेच्या खिडकीत, पातळ पडद्याआड. पंख्याखाली नाही, कूलरच्या वाऱ्यात तर मुळीच नाही. इथलं बोअरचं पाणी खारट, त्यानं पानांची टोकं करपतात. म्हणून पावसाचं पाणी साठवते, ते संपलं की फिल्टरचं. खत अगदी पातळ करून, तेही पावसाळ्यातच.

लंडनमध्ये नॅथॅनिएल वॉर्ड नावाचे डॉक्टर होते. तिथल्या धुरात त्यांचे नेचे जगेनात. १८२९च्या सुमारास त्यांनी पतंगाचा कोष ओल्या मातीवर ठेवून बाटली बंद केली, तर त्या मातीतून आपोआप नेचा उगवला आणि आतल्या आत वाफ धरून काही वर्षं जगला. पुढे तशाच काचेच्या पेट्यांतून जहाजांवरून रोपं देशोदेशी गेली. आपला आड म्हणजे तीच बाटली, फक्त आजोबांनी चिऱ्यांत बांधलेली. मी इथं वाळू आणि पडदा लावून जे जमवते, ते तिथं आपसूक होतं.

आणखी एक, बाबा. चिऱ्यांवरचा हिरवा थर तुम्ही तारेच्या ब्रशनं घासायला लावता. तो सगळाच शेवाळ नसतो. हंसराजाच्या पानाची कड मागं दुमडलेली असते, तिच्याखाली भुकटीसारखे बीजाणू असतात. ते ओल्या दगडावर पडले की आधी नखाहूनही लहान, बदामाच्या आकाराचा हिरवा पापुद्रा तयार होतो. त्याच्यावर पाण्याचा पातळ थर असेल तरच नरपेशी पोहत जाऊन स्त्रीपेशीला मिळतात आणि तिथून खरा नेचा उगवतो. हा सगळा प्रवास जर्मनीच्या विल्हेल्म हॉफमाइस्टर यांनी १८५१ साली उलगडून मांडला. तो हिरवा पापुद्रा भिंगातून बघाल तर आपल्या आडातही दिसेल. आता तुम्हाला वाकायला त्रास होतो, मी आले की एक चिरा बाहेर काढून दाखवीन.

तेव्हा गवंड्याला असं सांगा: वरचा कट्टा आणि वरचे तीन-चार थर सिमेंटनं पक्के कर, खालचा दक्षिणेचा पट्टा सोड. खाली एखादा चिरा हलत असेल तर तेवढाच चुन्यात बसव. तोंडावर लोखंडी जाळी हवीच, पडायची भीती जाईल. पण पत्रा नको, उजेड बंद होईल. गवंडी चुन्याला नाही म्हणाला तर काम थांबवा, मी खानापुरात दुसरा माणूस बघते. पैशांची काळजी करू नका. आणि बाबा, पायऱ्यांनी आत उतरून बघायला जाऊ नका, तिथं फार घसरडं असतं.

आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळव. रविवारी सकाळी फोन करते.

तुमची,
सुमा