गेटबाहेरचे तास कोण मोजणार?

मा. संपादक,

न्हावा-शेवा बंदराच्या कामगिरीवरची कालच्या अंकातली बातमी वाचली. कौतुक रास्त आहे, त्याबद्दल वाद नाही. पण निर्यातीचा कंटेनर आता बंदरात किती कमी वेळ थांबतो, हे तुमच्या वार्ताहराने ज्या खात्रीने लिहिलं आहे ते वाचून राहवलं नाही. हा वेळ मोजायला सुरुवात होते ती ट्रेलर टर्मिनलच्या गेटातून आत गेल्यावर. बाहेर रांगेत गेलेले तास त्यात धरलेच जात नाहीत. नाशिकच्या द्राक्षांचं नुकसान होतं ते नेमकं त्या तासांत.

पिंपळगाव बसवंतच्या पॅकहाउसमधून चाळीस फुटी रीफर, म्हणजे शीतकंटेनर, निघतो तेव्हा आत वीस पॅलेट, साधारण तेरा टन माल असतो. प्रीकूलिंगमध्ये मण्यांचं आतलं तापमान शून्य ते एक अंशावर आणलेलं असतं आणि रीफरचं सेटिंग उणे अर्ध्या अंशाच्या आसपास ठेवतात. माल आधीच गार करावा लागतो, कारण रीफर माल गार करण्यासाठी नसतोच. गार भरलेला माल गार ठेवणं एवढंच त्याचं काम. रस्त्यात त्याला वीज मिळते ट्रेलरवरच्या जेनसेटमधून, म्हणजे डिझेल जनरेटरमधून, आणि जेनसेट ताशी दोन-तीन लिटर डिझेल खातो. ट्रेलरचं भाडं मात्र फेरीवर ठरतं, तासांवर नाही. रांग आठ-दहा तासांवर गेली की टाकी तळाला जाते किंवा डिझेल वाचवायला जेनसेट बंद होतो. यात ड्रायव्हरला दोष देणं मला पटत नाही. त्या तासांचे पैसे त्याला कुणीच देत नाही, आणि तिथे त्याला धड संडासही मिळत नाही.

एप्रिलच्या उन्हात बंद पडलेला रीफर काही तास तग धरतो, मग दाराकडच्या आणि वरच्या थरातल्या पेट्या तापू लागतात. जेनसेट पुन्हा सुरू झाला की या गरम-गार होण्यात पेटीच्या आत दव धरतं. पेटीत बुरशी रोखण्यासाठी ठेवलेल्या सल्फर डायऑक्साइडच्या पॅडला अशी ओल लागली की महिनाभर थोडा थोडा सुटायचा वायू एकदम सुटतो. देठापाशी मणी पांढरा पडतो तो त्यामुळे. आणि पॅड आधीच संपल्यामुळे प्रवासाच्या शेवटी करडी बुरशी धरते ती वेगळीच. तांबड्या समुद्रातला मार्ग धोक्यात आल्यापासून आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या केपला वळसा घालून जाणाऱ्या जहाजाला युरोप गाठायला दोनेक आठवडे जास्त लागतात, म्हणजे पॅड शेवटपर्यंत पुरणं आता पूर्वीपेक्षा गरजेचं. रॉटरडॅमला माल तपासणारा सर्व्हेअर रीफरमधल्या तापमानाची नोंद ठेवणारा डेटा लॉगर वाचतो. नोंदीत काही तास कोरे, आणि वीज परत आली तेव्हा आतली हवा सहा-सात अंशांवर. अहवालात शेरा पडतो, माल गरम भरला. नुकसानभरपाईचा क्लेम तिथेच संपतो आणि कपात उतरते बागायतदाराच्या बिलावर, ज्याने माल शून्यावर दिला होता.

कागदपत्रांचा दोष म्हणाल तर तोही नाही. कंटेनरचं इलेक्ट्रॉनिक ई-सील, माल कीड-रोगमुक्त असल्याचं फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र, १ जुलै २०१६ पासून सक्तीचं झालेलं व्हीजीएम (भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन), कस्टम्सचं एलईओ (निर्यातीची परवानगी), सगळं हातात असताना ट्रेलर उभा असतो. फॉर्म थर्टीन, म्हणजे टर्मिनलचा प्रवेश परवाना, त्या जहाजाच्या त्या फेरीपुरता निघतो. जहाज लांबलं की निर्यातीचं गेट उघडायची वेळ पुढे सरकते, पण तोवर ट्रेलर पिंपळगावहून सुटलेला असतो. मग दोन-तीन जहाजं एकदम लागतात, सगळ्यांचे कटऑफ, म्हणजे कंटेनर आत घ्यायच्या शेवटच्या वेळा, एकाच रात्री येतात आणि तेरा टन द्राक्षं रिकाम्या डब्यांच्या मागे रांगेत उभी राहतात. ५ जून २०२५ ला समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा खुला झाला, कसारा घाट टळला. घाटात वाचलेला वेळ गेटवर घालवायचा असेल तर शेतकऱ्याला त्याचा काय उपयोग?

जानेवारी ते एप्रिल भरलेल्या रीफरला स्वतंत्र मार्गिका हवी. रांग जिथे थोपवली जाते तिथेच ४४० व्होल्टचे थ्री-फेज प्लग हवेत, म्हणजे जेनसेटवर भिस्त राहणार नाही. गेटची वेळ बदलली तर ती शिपिंग लाइनने ट्रेलर सुटण्याआधी कळवायला हवी. निघाल्यावर आलेला मेल कुणाच्याच कामाचा नसतो. आणि गेटबाहेरचे तास रोज जाहीर करा. पार्किंगमध्ये शिरल्याची वेळ आणि गेट-इनची वेळ, दोन्हींची नोंद होतेच. फक्त वजाबाकी करायची आहे.

जाता जाता, तुमच्या मथळ्यात ‘७३ लाख कंटेनर’ असं छापलं आहे. २०२४-२५ चा तो आकडा टीईयूचा, म्हणजे वीस फुटी डब्याच्या मापातला आहे. चाळीस फुटी एक डबा त्यात दोन धरला जातो, रिकामे डबेही मोजले जातात. प्रत्यक्ष डबे यापेक्षा बरेच कमी. उद्योग पानावर ही चूक याआधीही झाली आहे. कृपया दुरुस्ती छापावी, आणि पुढची बातमी लिहिण्याआधी वार्ताहराला मार्चमधल्या एखाद्या रात्री कटऑफच्या वेळी गेटवर पाठवावं.

आपला,
द्राक्ष निर्यातीच्या व्यवसायातला एक वाचक, पनवेल