‘आणि साथीदार’ म्हणजे कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत अमेरिकन जॅझ पियानोवादक कीथ जॅरेट यांच्या ‘ब्लू नोट’ या सीडींच्या संचावरचा लेख वाचला. सोलापुरात बसून जॅझवर अर्धं पान मराठीत वाचायला मिळतंय, याचा आधी आनंदच झाला. लेख संपेपर्यंत तो उरला नाही. जॅरेट यांचं नाव चौदा वेळा आलं आहे, मी पेन घेऊन मोजलं. त्यांच्या त्रिकुटातल्या बाकीच्या दोघांची बोळवण ‘आणि त्यांचे साथीदार’ एवढ्यावर.

डबल बासवर, म्हणजे खर्जातल्या मोठ्या तंतुवाद्यावर, गॅरी पीकॉक आणि ड्रम्सवर जॅक डीजॉनेट. एवढी दोन नावं छापायला किती जागा लागते?

हे त्रिकूट म्हणजे जॅरेट यांनी एकल मैफलींतून ‘सवड काढून’ केलेलं काम, असंही लेखक म्हणतात. 1975 च्या कोलोनच्या एकल मैफलीने जॅरेट यांचं नाव जगभर झालं, हे कबूल. पण या तिघांची पहिली एकत्र रेकॉर्ड 1977 ची आहे आणि ती पीकॉक यांच्या नावावर निघाली. म्हणजे बासवाला प्रमुख आणि जॅरेट त्याच्या साथीला. पुढे जानेवारी 1983 मध्ये न्यूयॉर्कच्या स्टुडिओत तिघं पुन्हा जमले, तेव्हा तीन अल्बम होतील एवढं वाजवून उठले. तिथून तीस वर्षं हे त्रिकूट टिकलं. याला सवडीचं काम म्हणायचं?

जून 1994 मध्ये तीन रात्री ब्लू नोट क्लबात जे वाजलं, ते सगळं या सहा सीडींत आहे. लेखकाने त्या ओळीने ऐकल्या असत्या तर ‘साथीदार’ लिहिताना हात अडखळला असता. डीजॉनेट ठेका धरून बसत नाहीत. मात्रा पोटात ठेवून सिंबलवर, म्हणजे ड्रम्सच्या झांजेवर, अलीकडे-पलीकडे खेळत राहतात, आणि तेवढा वेळ पीकॉक खालून लय सांभाळतात. आपल्याकडे ठुमरीत लग्गी, म्हणजे तबल्याचं जलद वादन, सुरू झाली की गवई जरा मागे सरतो आणि तबला पुढे येतो. इथे ही देवाणघेवाण रात्रभर चालू असते. डीजॉनेट स्वतः लहानपणापासून पियानो शिकलेले, त्यामुळे पियानोवरचा हात कुठे वळणार हे त्यांना आधीच कळतं. गाण्याचं अंग असलेला तबलजी शेजारी बसला की गवई कसा निर्धास्त होतो, हे ज्याने मैफल जवळून पाहिली आहे त्याला वेगळं सांगायला नको.

स्कॉट लाफारो हा बासवादक पंचविसाव्या वर्षी मोटार अपघातात गेला. त्याच्या जेमतेम दीड आठवडा आधी, 25 जून 1961 ला, तो पियानोवादक बिल एव्हान्स यांच्या त्रिकुटात व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबात वाजवत होता. त्या दिवसाच्या रेकॉर्डिंगचाही पुढे संच निघाला आणि आज लोक तो लाफारोसाठी ऐकतात. वेष्टनावर ‘आणि साथीदार’ छापलं असतं, तर त्या मुलाचं नाव कोणाला कळलं असतं?

हे मला इतकं का लागलं, तेही सांगतो. मी चाळीस वर्षं तबला वाजवतो आहे. 1991 साली अभंगांच्या एका कॅसेटसाठी मला पुण्याला बोलावलं. रात्रीच्या एसटीने गेलो, दिवसभर वाजवलं. एका अभंगाची चाल काही केल्या बसेना, तेव्हा भजनी ताल सोडून मी धुमाळी लावून पाहिली आणि चाल बसली. कॅसेटमधला तोच अभंग लोकांना सर्वांत आवडला. कॅसेट हातात आली तेव्हा मी ती आधी वडिलांना दाखवली. जन्मभर गिरणीत साच्यावर काम करून त्यांचे डोळे अधू झाले होते. त्यांनी चष्मा लावून आतला कागद दोन्ही बाजूंनी वाचला आणि विचारलं, “तुझं नाव कुठाय रे?” कागदावर छापलं होतं, ‘साथसंगत : नामवंत कलाकार’. मी ती ओळ दाखवली. त्यांनी कागदाची घडी केली, डबीत ठेवली आणि डबी माझ्या हातात दिली. नातेवाइकांना द्यायला पाच कॅसेटी जादा घेतल्या होत्या. त्यातली एकही मी कोणाला दिली नाही.

पीकॉक 2020 मध्ये गेले, डीजॉनेट 2025 च्या ऑक्टोबरात. तक्रार करायला ते येणार नाहीत, म्हणून मी करतो आहे.

आता पुरवणी पुढ्यात आहेच म्हणून आणखी एक. त्याच अंकात हुतात्मा स्मृती मंदिरातल्या मैफलीचं छायाचित्र आहे. गायिका पूर्ण दिसतात, तानपुराही पूर्ण दिसतो, पेटीवाल्याचा मात्र फक्त उजवा हात. बातमीतही त्याचं नाव नाही. शिवाय ती मैफल झाल्यावर आठ दिवसांनी आम्हाला कळते आहे. आधी दोन ओळी छापल्या असत्या तर पाचपन्नास माणसं तरी जास्त आली असती.

येत्या रविवारी पीकॉक आणि डीजॉनेट यांची नावं दुरुस्ती म्हणून छापावीत, ही विनंती. त्या पेटीवाल्याला मी ओळखतो. त्याचं नाव स्वच्छ अक्षरात लिहून उद्या आपल्या कार्यालयात आणून देतो.

कळावे,
एक तबलावादक,
भवानी पेठ, सोलापूर