विचार जुनाच, अंमल उशिरा

माननीय संपादक,
स. न.

शिक्षणविषयक विचार कसे बदलत गेले, याचा आढावा घेणारा आपल्या दैनिकातला लेख आवडला. पूर्वी घोकंपट्टी आणि छडी होती, मग माणसाला हळूहळू शहाणपण येत गेले, हा त्याचा सूर मात्र पटला नाही. मुलांच्या बाजूचे विचार फार पूर्वीच मांडले गेले होते. वर्गात पोचायला त्यांना शतके लागली.

क्विंटिलियन हा रोममधला नामवंत शिक्षक. पहिल्या शतकाच्या अखेरीस त्याने लिहून ठेवले, की मुलांना मारू नये. मार खाऊन मूल कोडगे होते. आणि ज्याला लहानपणी मारूनच वळण लावले, तो मोठा होऊन माराला भीक घालेनासा झाला तर काय करणार? शिक्षकाचे मुलाकडे सतत लक्ष असेल तर माराची गरजच पडत नाही, असेही तो सांगतो. त्यानंतर सुमारे १७०० वर्षांनी, १७८३ मध्ये, पोलंडने शाळेतला मार बंद केला. ब्रिटनमधल्या सरकारी शाळांसाठी तसा कायदा व्हायला १९८६ साल उजाडले!

जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलचे उदाहरण तर जिवाला लागते. १८३७ मध्ये त्याने जर्मनीत खेळातून शिकवणारी बालशाळा, म्हणजेच किंडरगार्टन, काढली. ती नास्तिकपणा पसरवते म्हणून १८५१ मध्ये प्रशिया या जर्मन राज्याच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली. पुढच्याच वर्षी तो वारला. बंदी उठली १८६० मध्ये.

असे का होते? मला वाटते, याचे उत्तर बऱ्याचदा वर्गातल्या पटसंख्येत सापडते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये जोसेफ लँकेस्टरने एका शिक्षकाच्या हाताखाली शेकडो मुले बसवली. मोठी मुले लहानांना शिकवत. गरिबांच्या मुलांना शाळा मिळाली, हे त्याचे श्रेय मोठेच आहे. त्याला छडीही मान्य नव्हती. पण एवढी मुले ताब्यात ठेवायची म्हणून त्यानेच गळ्यात लाकडी ओंडका अडकवण्यासारख्या शिक्षा काढल्या. शेकडो मुलांमध्ये क्विंटिलियनला अपेक्षित असलेले लक्ष कोण आणि कसे देणार?

म्हणून विनंती अशी, की विचारवंतांची ओळख करून देणाऱ्या लेखाला जोडून शिक्षकांचे प्रशिक्षण, त्यांचा पगार आणि एका वर्गातली मुलांची संख्या यांचा इतिहासही छापावा. शिक्षकांना लिहिते केलेत, तर फारच उत्तम.

आपला,
एक नियमित वाचक