‘घर सांभाळून’ हे शब्द गाळा

मा. संपादक,
स. न.

कालच्या पुरवणीतला सीए आणि वकील महिलांवरचा लेख वाचला. त्यातल्या सगळ्याजणींचं मनापासून अभिनंदन. पण प्रत्येकीच्या ओळखीत ‘घर सांभाळून’ आलंच पाहिजे का? आणि ‘वेळेचं नियोजन केलं की सगळं जमतं’ हे वाक्य वाचल्यापासून मला चैन नाही.

मी स्वतः सीए. नियोजन मीही केलं होतं. 2009 च्या 31 मार्चला, सातव्या महिन्यात, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका सुताच्या गोदामात मी ऑडिटसाठी स्टॉक मोजत होते. पत्र्याखाली उकाडा, नाकातोंडात तूस. वॉचमनच्या बायकोने स्टूल आणून दिलं. त्यावर बसून एकेक थप्पी मोजली. 40 गोण्या कमी भरल्या, त्यांचा हिशेब लागेपर्यंत उठले नाही. बाळंतपणानंतर सप्टेंबरच्या ऑडिटला हजर झाले, कारण 30 तारीख कोणासाठी थांबत नाही. बाळ आईकडे, डबा सासूबाईंकडे, मी ऑफिसात रात्री नऊपर्यंत.

पुढच्या एप्रिलला आमच्या ऑफिसच्या भागीदारीचा नवा करार झाला. त्यात माझं नाव नव्हतं. ज्याला मी व्हाउचिंग, म्हणजे पावत्यांवरून नोंदी पडताळणं, शिकवलं, त्याचं होतं. ऑफिसचे सर म्हणाले, “मॅडम, लेकरू लहान आहे, बाहेरगावची बँक ऑडिट तुम्हाला कशी झेपणार?” झेपेल की नाही हे मला कोणी विचारलं नव्हतं. त्या मुलाच्या घरीही त्याच वर्षी बाळ झालं होतं. त्याची झेप कोणी मोजली नाही. आठ वर्षांच्या फायलींवर तपासणीच्या माझ्या हिरव्या शाईच्या खुणा आहेत. त्या आजही तिथल्या कपाटात असतील.

लेखात 26 आठवड्यांच्या पगारी रजेचा उल्लेख आहे. 2017 ची ती दुरुस्ती चांगलीच आहे. पण दुकानं आणि कार्यालयांना हा प्रसूती रजेचा कायदा लागू होतो तो दहा माणसं असतील तर, आणि पाळणाघराची सक्ती 50 माणसं असतील तर. आमच्या ऑफिसात तेव्हा सातजण होतो, त्यामुळे माझी रजा बिनपगारी गेली. स्वतःची प्रॅक्टिस करणारीला तर रजा कोण देणार? दर महिन्याची जीएसटी विवरणपत्राची 20 तारीख बाळंतिणीलाही चुकत नाही. चाटी गल्लीतल्या, नवी पेठेतल्या चार-पाच टेबलांच्या ऑफिसांत मुली आर्टिकलशिप, म्हणजे सीएची उमेदवारी, करतात, पास होतात आणि लग्नानंतर पुण्याला तरी जातात, नाहीतर घरी बसतात. त्यांच्याविषयी लेखात एक ओळ नाही, याचं मला खरंच वाईट वाटलं.

आणखी एक, पाण्याबद्दल. चार-पाच दिवसांनी नळ सुटतो, तोही वेळ न सांगता. त्या दिवशी घरी कोण थांबतं? गेल्या महिन्यात क्लायंटबरोबर अपिलाच्या सुनावणीला निघाले आणि चपला घालता घालता शेजारच्या काकूंनी हाक मारली, “पाणी आलंय गं!” टाकी भरून पोहोचेपर्यंत आमचा नंबर होऊन गेला होता. क्लायंट बिचारा काही बोलला नाही, पण पुढची तारीख घेऊन परतताना मान वर करवत नव्हती.

कोणत्या पेठेला किती वाजता पाणी सुटणार हे महापालिकेकडून आदल्या दिवशी मिळवा आणि पहिल्या पानावर छापा. पुढची पुरवणी काढाल तेव्हा ऑफिसांच्या पाट्याही बघून या. भागीदारांत बाईचं नाव कुठे कुठे आहे, ते मोजून लिहा.

आपली,
एक सीए,
विजापूर रोड, सोलापूर